बदलते हवामान आणि वनवृक्षांचे रोग
(सिल्लोड येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषी विद्यापीठाचा माणूस म्हटला की मका, कपाशी, मिरची किंवा अद्रक यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मात्र विषय झाडांचा आहे. आपल्या बांधावरच्या, गायरानातल्या आणि अजिंठ्याच्या डोंगरातल्या झाडांना होणारे रोग आणि बदलत्या हवामानात त्यांचे बदललेले वागणे यांविषयी मी बोलणार आहे. पीक रोगाने गेले तर एक हंगाम जातो. पन्नास वर्षांचा कडुनिंब गेला तर तो आपल्या हयातीत परत उभा राहत नाही. शिवाय झाडाच्या रोगाकडे आपले लक्ष फार उशिरा जाते. कपाशीचे पान लाल पडले की आपण दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रात पोहोचतो. बांधावरचा निंब दोन वर्षे शेंड्याकडून वाळत असतो, आणि आपण म्हणतो, ‘म्हातारा झाला असेल.’

गेल्या काही वर्षांत पावसाळा संपता संपता निंबाचे शेंडे करपलेले दिसू लागले तेव्हा अनेकांनी विचारले, ‘साहेब, हा कोणता नवा रोग आला?’ माझे उत्तर असे की, रोग फारसा नवा नाही. त्याला आजपर्यंत अडवून धरणारे बंध सैल झाले आहेत. हे बंध कोणते, ते का सैल झाले आणि त्यांतले आपल्या हातात काय आहे, हे आज पाहू.

रोग हा जंगलाचा जुना रहिवासी

जंगल म्हणजे निरोगी झाडांचा समूह, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात जंगलात रोग कायमच असतो. धावडा, सालई, साग, पळस, खैर, अंजन, बेल या आपल्या डोंगरातल्या प्रत्येक झाडावर बुरशा असतात. काही पानांवर, काही सालीत, काही गाभ्यात, तर काही मुळांवर. यांतल्या पुष्कळशा बुरशा झाडाच्या आत वर्षानुवर्षे गुपचूप राहतात आणि कसलाही त्रास देत नाहीत.

रोग जंगलाला उपयोगीही पडतो. मोठ्या झाडाखाली त्याचेच बी पडते आणि पावसाळ्यात शेकडो रोपे उगवतात. पण बुंध्याजवळच्या मातीत त्याच झाडावर जगणाऱ्या बुरशा आणि किडी साठलेल्या असतात. त्यामुळे तिथली बहुतेक रोपे मरतात. पाखरांनी किंवा वाऱ्याने दूर नेलेले बी मात्र या वस्तीतून सुटते आणि तगते. आईच्या पायाशी मग दुसऱ्या जातीच्या रोपाला जागा मिळते. एकाच जातीचे राज्य होऊ न देता जंगल मिश्र ठेवण्याचे काम रोग असे करत आला आहे. गाभा कुजलेल्या झाडाच्या ढोलीत पिंगळा आणि पोपट घर करतात, पडलेले लाकूड बुरशी कुजवते आणि त्याची माती होते. म्हणून चार झाडे वाळलेली दिसली की जंगल आजारी आहे असे समजण्याचे कारण नाही. वाळण्याचा वेग नवी झाडे उभी राहण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, म्हणजे काळजी करावी.

रोगाचा त्रिकोण

वनस्पतिरोगशास्त्राचा पहिला धडा रोगाच्या त्रिकोणाचा असतो. रोग होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बळी पडू शकणारे झाड, रोगकारक जीव आणि त्याला मानवणारे वातावरण. तिन्हींपैकी एक बाजू नसली तर रोग होत नाही. पिकात आपण बहुतेक वेळा रोगकारकाशी लढतो, म्हणजे फवारणी करतो. वनवृक्षांच्या बाबतीत हा मार्ग बहुधा बंदच असतो. चाळीस फूट उंचीच्या झाडावर वारंवार फवारणी परवडत नाही आणि डोंगरभर तर ती शक्यच नाही. त्यामुळे उरलेल्या दोन बाजूंकडे, म्हणजे झाडाच्या ताकदीकडे आणि वातावरणाकडे लक्ष द्यावे लागते. आणि या दोन्ही बाजू आज हलल्या आहेत.

वातावरणात काय बदलले?

भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले, असे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालात नमूद आहे. आकडा लहान वाटतो. पण माणसाचे सरासरी तापमान एक अंशाने चढले की आपण त्याला ताप म्हणतो.

आपल्या दृष्टीने पावसाचा बदल अधिक महत्त्वाचा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळपास तिप्पट झाल्या. म्हणजे पाऊस थोड्या दिवसांत जास्त पडतो आणि मधले खंड लांबतात.

हे सांगायला शास्त्रज्ञच हवा असे नाही, आपण ते भोगले आहे. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. जालना आणि आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा तेव्हा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. २०१४ आणि २०१५ असे सलग दोन पावसाळे पुन्हा तुटीचे गेले. २०१८ लाही दुष्काळच. त्यानंतर २०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने कणसांना जागेवर कोंब फुटले आणि ‘ओला दुष्काळ’ हा शब्द घराघरांत गेला. २०२१ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पिकासाठी ही एकेका हंगामाची कहाणी आहे. पण बांधावरच्या झाडाने हे सगळे एकाच जागी उभे राहून, एकापाठोपाठ एक सोसले आहे.

झाड थकते म्हणजे काय होते?

झाड मुळांतून शेंड्यापर्यंत पाणी बारीक नळ्यांतून ओढते. जमीन फार कोरडी झाली आणि ऊन तापले की या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याची धार तुटते. ही धार सर्वांत आधी शेंड्याकडे तुटते, कारण तो मुळांपासून सर्वांत दूर असतो. दुसरीकडे, पाणी वाचवण्यासाठी झाड पानांची छिद्रे मिटून घेते. छिद्रे मिटली की अन्न तयार होणे थांबते आणि झाड साठवलेल्या पिष्टावर दिवस काढते. साल जाड करणे, डिंक किंवा राळ सोडून जखम बंद करणे, बुरशीला मारक रसायने तयार करणे या सगळ्या संरक्षणाला हेच साठवलेले अन्न लागते. शिल्लक संपलेले झाड वरून हिरवे दिसते, पण आतून निःशस्त्र असते.

अशा वेळी आत गुपचूप राहणाऱ्या बुरशा डोके वर काढतात. आंब्याच्या शेंडेमरीत सापडणारी बोट्रिओडिप्लोडिया (हिचे आजचे नाव लॅसिओडिप्लोडिया) ही बुरशी याचे चांगले उदाहरण आहे. सशक्त झाडात ती निपचित पडून असते. पाण्याचा ताण पडला, ऊन लागले किंवा जखम झाली की तीच फांद्या वाळवते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुष्काळाचा हिशेब दुष्काळ संपताच मिटत नाही. तुटलेल्या नळ्या आणि संपलेली शिल्लक भरून यायला झाडाला दोन-चार वर्षे लागतात. म्हणूनच पाऊस चांगला झाल्यावर झाडे वाळताना दिसतात आणि आपण चक्रावतो. कोरड्या वर्षांनी झाड दुबळे केलेले असते, आणि ओले वर्ष बुरशीला बळ देते. मराठवाड्यात आज नेमकी हीच जोडी जमते आहे.

कडुनिंबाची शेंडेमर

आता आपल्या बांधावर येऊ. निंबाच्या या रोगाला कारणीभूत असणाऱ्या बुरशीचे नाव फोमॉप्सिस अझाडिराक्टी. तिची नवी जाती म्हणून शास्त्रीय नोंद १९९७ मध्ये झाली, तीही भारतातूनच. म्हणजे ती आपल्याकडे पाव शतकाहून अधिक काळ माहीत आहे. २०२१ मध्ये तेलंगणात निंबाची झाडे इतक्या मोठ्या संख्येने करपली की लोक घाबरले. तेथील प्राध्यापक जयशंकर कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा मुख्यतः हीच बुरशी आढळली. तोच प्रकार आपल्या भागातही अनेकांनी पाहिला.

लक्षणे अशी. पावसाळा सुरू झाला की कोवळ्या फांद्यांचे शेंडे तपकिरी पडू लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या सुरुवातीस जोर वाढतो. शेंड्याची पाने आगीने होरपळल्यासारखी दिसतात, फांदी टोकाकडून खाली वाळत येते. मोहोर करपतो, निंबोळ्या काळ्या पडून अवेळी गळतात. प्रादुर्भाव तीव्र असेल तर निंबोळीचे पीक जवळजवळ बुडते. ही बुरशी बियांतूनही पसरते, त्यामुळे रोगट झाडाखालच्या निंबोळ्यांपासून रोपे केली तर रोग रोपवाटिकेतच येऊन बसतो. पावसाचे थेंब आणि वारा तिचे बीजाणू शेजारच्या फांद्यांवर नेतात. कोवळ्या शेंड्यांतून रस शोषणारा ढेकण्या, ज्याला टी मॉस्किटो म्हणतात, तो भोके पाडतो आणि त्या जखमांतून बुरशीला आयती वाट मिळते.

पूर्वी आपल्याकडे सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस निघून जायचा, हवा कोरडी व्हायची आणि बुरशीचे दिवस आपोआप संपायचे. हा तिला अडवणारा मोठा बंध होता. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पावसाच्या सरी लांबल्या की पाने आणि कोवळी साल जास्त दिवस ओली राहतात. बीजाणू रुजण्यासाठी जो ओलावा लागतो तो मिळत राहतो आणि रोगाच्या एकाऐवजी अनेक पिढ्या निघतात.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हवामान बदलले म्हणजे प्रत्येक रोग वाढणारच, असे नाही. आपला कडक उन्हाळा हा बऱ्याच बुरशांचा वैरी आहे. डिसेंबरात मेल्यासारखा दिसणारा निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या हवेत पुन्हा पालवतो, कारण त्याचे शेंडे मेलेले असतात, खोड आणि मुळे जिवंत असतात. तेलंगणातही करपलेली झाडे पुन्हा फुटली. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की, हिवाळ्यात करपलेला निंब तोडू नका. त्याला निदान एक उन्हाळा आणि एक पालवी पाहू द्या. घाईने घातलेली कुऱ्हाड बुरशीपेक्षा जास्त निंब मारते. आणि प्रादुर्भावातही जो निंब हिरवा राहिला, त्याच्यात कदाचित रोगाला तोंड देण्याची शक्ती असेल. तोच उद्याच्या बियाण्याचा धनी आहे.

निंब वाळला म्हणजे दर वेळी बुरशीच असते, असेही नव्हे. १९९० च्या सुमारास आफ्रिकेत नायजर, नायजेरिया, चाड या देशांत लाखो निंब विरळ पानांचे होऊन खंगू लागले. निंब तिथे आपल्याकडूनच गेलेला. शास्त्रज्ञांनी रोगजंतू शोधले, पण मुख्य दोषी म्हणून एकही जीव हाती लागला नाही. पाण्याचा ताण, निकस जमीन आणि झाडांवरचा एकूण भार याच कारणांकडे बोट गेले. त्रिकोणाची एक बाजू नुसती वाकली तरी झाड कसे ढासळते, हे त्यावरून कळते.

चुकीची जागा आणि एकच जात

उत्तर भारत, नेपाळ आणि बांगलादेशात १९९० च्या दशकात शिसूची लागवड मोठ्या प्रमाणावर वाळली. शिसू हे मूळचे नदीकाठच्या वाळूमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीत वाढणारे झाड. ते भारी, पाणी साचणाऱ्या जमिनीत आणि कालव्यांच्या कडेला लावले गेले. मुळे गुदमरली आणि फ्युजेरियम बुरशीची मर लागली. आपल्या खोल काळ्या जमिनीत झाडे लावताना हा धडा विसरू नये. अतिवृष्टीच्या वर्षी ज्या शेतात आठ-आठ दिवस पाणी उभे राहते, तिथे निचरा मागणारे झाड टिकणार नाही, मग रोप कितीही महागाचे असो.

सुबाभूळ तर आपण सगळ्यांनी लावलेली आहे. ती मध्य अमेरिकेतली. तिच्यावरची सुबाभळीचा सिला ही बारीक रस शोषणारी कीड १९८४ मध्ये हवाई बेटांवर दिसली, पॅसिफिक ओलांडून आशियात आली आणि १९८८ मध्ये भारतात पोहोचली. चार वर्षांत तिने अर्धी पृथ्वी पार केली, कारण वाटेत सगळीकडे तिचे खाद्य असलेली एकच जात ओळीने उभी होती. हा रोग नव्हे, कीड आहे, पण नियम तोच. मिश्र जंगलात बुरशीचा बीजाणू उडाला की त्याला शेजारी साग, पुढे धावडा, त्यापुढे पळस लागतो आणि तो वाया जातो. एकाच जातीच्या लागवडीत त्याला प्रत्येक झाड आपलेच घर वाटते.

माणसाच्या हातून होणारा प्रवास

त्रिकोणाच्या तीन बाजूंना आज चौथी जोडावी लागते, ती म्हणजे माणूस. बुरशी वाऱ्यावर काही कोस जाते. जहाज, ट्रक आणि रोपाची पिशवी यांतून ती समुद्र ओलांडते.

अमेरिकेत चेस्टनट नावाचा वृक्ष पूर्वेकडच्या डोंगरांतला मुख्य वृक्ष होता. आशियातून आणलेल्या चेस्टनटच्या रोपांबरोबर एक बुरशी आली. १९०४ मध्ये ती न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर दिसली आणि पुढच्या पन्नास वर्षांत काही अब्ज झाडे संपली. आशियातल्या चेस्टनटला मात्र तिचे फारसे काही वाटत नव्हते, कारण दोघे हजारो वर्षे एकत्र वाढले होते. युरोपात ॲश वृक्षाचेही तेच झाले. पूर्व आशियातली एक बुरशी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये प्रकट झाली, २०१२ मध्ये ब्रिटनच्या जंगलात सापडली आणि खंडभर झाडे वाळत गेली.

आपल्या सागाचा तांबेरा हे याच गोष्टीचे उलटे टोक आहे. पावसाळ्यानंतर सागाच्या पानामागे नारिंगी पूड दिसते, तोच हा तांबेरा. आपल्याकडे रोपवाटिका सोडली तर त्याचे कोणी फार मनावर घेत नाही, कारण आपला साग त्याच्यासोबतच वाढला आहे. पण साग मध्य अमेरिकेत लावला गेला आणि पुष्कळ वर्षांनी, २००३ च्या सुमारास, तांबेरा त्याला शोधत तिथे पोहोचला. तिथल्या लागवडदारांसाठी ते मोठे संकट ठरले.

आपल्या भागात चंदनाची लागवड करणारे शेतकरी वाढत आहेत, म्हणून हे विशेष सांगतो. दक्षिणेत चंदनाला ‘स्पाइक’ नावाचा रोग आहे. कूर्गमध्ये तो १८९९ मध्ये प्रथम नोंदला गेला. पाने लहान, ताठ होऊन फांदीवर झुपक्यासारखी उभी राहतात आणि दोन-तीन वर्षांत झाड मरते. तो फायटोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो आणि रस शोषणाऱ्या किडी तो पसरवतात. खात्रीचा इलाज नाही. रोपे कोठून आली, बियाणे कोणत्या झाडांचे, हे न विचारता ट्रकने आलेली रोपे उतरवून घेणे म्हणजे पाहुण्याबरोबर त्याचा आजारही घरात घेणे होय.

वाळणारे झाड कसे तपासावे?

झाडाकडे जाऊन शांतपणे पाहिले तर निम्मे निदान जागेवरच होते.

१. शेंडे टोकाकडून खाली, झाडभर विखुरलेले वाळत असतील आणि काळ पावसाळ्यानंतरचा असेल, तर शेंडेमर समजावी.

२. संपूर्ण झाड एकदम वाळले आणि पाने झाडावरच लटकून राहिली, तर दोष मुळांत किंवा बुंध्यात असतो. बुंध्याजवळ लाकडासारखी कडक, तपकिरी, चकाकणारी भूछत्रे आली असतील तर ती गॅनोडर्माची मूळकूज होय. बाभूळ, खैर, सुबाभूळ यांवर ती आढळते.

३. झाडाची एकच बाजू वाळली असेल, तर त्या बाजूला अलीकडे जेसीबी चालला का, चर खोदला का, रस्ता झाला का, हे आठवून पाहावे.

४. पाने पिळवटलेली, अरुंद, वेडीवाकडी असतील, तर शेजारच्या शेतात तणनाशक फवारले होते का, ते विचारावे.

५. सागाची पाने ऑगस्ट-सप्टेंबरनंतर जाळीसारखी होऊन डोंगर तपकिरी दिसत असेल, तर तो रोग नाही. ते पाने खाणाऱ्या अळीचे काम आहे. झाड मरत नाही, पण वाढ खुंटते. केरळ वनसंशोधन संस्थेने पीची येथून १९८५ मध्ये केलेल्या अभ्यासात, सागाच्या तरुण लागवडीत पाने खाणाऱ्या दुसऱ्या एका अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ गमावल्याचे दिसले होते.

६. बुंध्यावर भोके आणि खाली भुसा पडलेला असेल, तर खोडकिडा आहे.

शेवटची परीक्षा नखाची. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवे आणि ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे. कोरडे तपकिरी असेल तर आणखी खाली येऊन पुन्हा पाहा. हिरवे कुठे लागते, तिथपर्यंतच झाड मेले आहे.

आपण काय करावे?

निंबाच्या करपलेल्या फांद्या शक्य तेवढ्या उंचीपर्यंत, कोरड्या हवेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटाव्यात. वाळलेल्या भागाच्या खाली वीतभर निरोगी लाकडासह कापावे. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना वेगवेगळा भिजवून, एकत्र करून, एकूण १० लिटर पाण्यात मलम करावे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडी नको. छाटलेल्या फांद्या बांधावर ढीग करून ठेवू नयेत, त्या झाडापासून दूर नेऊन नष्ट कराव्यात. कोयता एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना स्पिरिटने पुसून घ्यावा. लहान झाडांवर आणि रोपवाटिकेत पावसाळ्याच्या सुरुवातीला १ टक्का बोर्डो मिश्रण फवारता येते. मोठ्या झाडांवर महागड्या औषधांचा मारा करू नये. त्याच पैशात बांधावर पाणी मुरवण्याचे काम होईल.

बांध पेटवणे थांबवावे. आगीने बुंध्याची साल भाजते, पुढे तिथे भेग पडते आणि त्या दाराने गाभा कुजवणारी बुरशी आत जाते. बुंध्यालगत नांगर, रोटाव्हेटर घालू नये. जेवढा घेर फांद्यांचा, निदान तेवढा घेर मुळांचा समजावा. शेळ्यांसाठी पाला काढताना फांदी ओरबाडू नये, धारदार कोयत्याने स्वच्छ कापावी आणि पावसाच्या दिवसांत शक्यतो कापू नये. झाडाभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन असावे, पण ते बुंध्याला टेकलेले नसावे. दुष्काळी वर्षी तरुण झाडाला उन्हाळ्यात दोन-तीन वेळा भरपूर पाणी दिले तर त्याची शिल्लक संपत नाही.

रोपांसाठी निंबोळ्या निरोगी झाडाखालच्या, ताज्या घ्याव्यात. निंबाच्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच घटते, म्हणून लगेच पेराव्यात. बांधावर एकाच जातीची रांग नको. निंबाशेजारी चिंच, बोर, करंज, सीताफळ, आवळा, बाभूळ अशी सरमिसळ करावी. शंका असेल तेव्हा वाळलेला आणि हिरवा भाग जिथे मिळतो तिथला फांदीचा तुकडा कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात आणावा. प्लास्टिकच्या पिशवीत आणू नये, त्यात दुसऱ्याच बुरशा वाढतात.

डोंगराचे काय?

कोणी म्हणेल, बांधाचे ठीक आहे, डोंगराचे वन विभाग पाहील. पण आपल्या जिल्ह्यात वनाच्छादन भूभागाच्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी आहे. जे काही आहे ते मुख्यतः अजिंठ्याच्या रांगेत, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यापासून पूर्वेकडे पसरलेले आहे. याच रांगेच्या एका अंगाने पूर्णेचे आणि खेळणेचे पाणी गोदावरीकडे जाते आणि दुसऱ्या अंगाने वाघूर तापीकडे जाते. डोंगरातली झाडे वाळली तर पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहते, आणि त्याचा हिशेब आपल्या विहिरीत मांडला जातो.

डोंगरात फवारणी होत नाही, पण तीन गोष्टी होतात. त्या आपल्या गावांच्या हातात आहेत. पहिली, वणवा न लावणे आणि लागलेला वेळेवर कळवणे. दुसरी, चराई आणि फांदीतोडीला अशी मर्यादा घालणे की नव्या रोपाला डोके वर काढता येईल. म्हातारे झाड रोगाने जाणारच. त्याच्या खाली तरुण झाड उभे असले पाहिजे, एवढीच जंगलाची मागणी आहे. तिसरी, डोंगरात बाहेरची अनोळखी रोपे नेऊन न लावणे. तिथल्याच झाडांचे बी तिथे टोकावे.

बंधू-भगिनींनो, पाऊस केव्हा पडावा हे आपल्या हातात नाही. बुरशी तर मातीइतकी जुनी आहे, ती हटणार नाही. त्रिकोणाची एकच बाजू आपल्या आवाक्यात उरते, ती झाडाची ताकद. ती जखमेने, आगीने, चुकीच्या जागेने आणि एकाच जातीच्या गर्दीने घटते. ओलाव्याने, सावलीने आणि शेजाऱ्यांच्या विविधतेने वाढते. येत्या हिवाळ्यात आपल्या बांधावरचा निंब करपलेला दिसला तर कुऱ्हाड उचलण्याआधी त्याची साल नखाने खरवडून पाहा. खाली हिरवे लागले तर झाडाला वेळ द्या आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्याच्या शेजारी दुसऱ्या जातीची दोन रोपे लावा.